कठोर शिक्षा दी जाएगी

मी आजवर जे काही लिहिलं त्यातलं एकच वाक्य पत्र्याच्या पाटीवर चढलं. पिवळ्यावर काळी अक्षरं, खाली लाल रेघ. बाकीचं सगळं वह्यांत राहिलं आणि रद्दीत गेलं. आणि नेमकं पाटीवरचंच वाक्य चुकलं. तेही असं चुकलं की त्या सत्रात कॉलेजातली पोरं मला पाहिलं की हात जोडायची आणि म्हणायची, "दीदी, हमको भी शिक्षा दीजिए ना."

रायपूर तेव्हा नुकतंच राजधानी झालं होतं. गावाला अचानक मोठं व्हायला सांगितलं की ते सगळ्यात आधी पाट्या बदलतं. प्रत्येक सरकारी दारावरचं "मध्य प्रदेश" खरवडून तिथे "छत्तीसगढ़" लिहिणं चालू होतं. मंत्री रस्त्यात सहज भेटायचे, रंगारी भेटायचा नाही. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातला रंगारी तर इतका भाव खाऊ लागला होता की त्याची बायको दारातूनच सांगायची, "संचालनालय गए हैं." जणू तो तिथे अधिकारीच होता.

आमच्या घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, अशी सरळ वाटणी होती. बाबा रेल्वेच्या ऑफिसात, मूळचे वर्धेकडचे. माझ्या तोंडून घरात हिंदी शब्द निघाला की ते हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवायचे. "काहून हिंदी बोलून राहिली बे? शुद्ध बोल." ह्या वाक्यातलं शुद्ध नेमकं कुठलं, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. त्यांचा एक ठाम सिद्धांत होता. जो शब्द जड, तो संस्कृत, आणि संस्कृत शब्दाचा अर्थ दोन्ही भाषांत एकच. माझी हिंदी घराबाहेर तयार झाली, पण जड शब्द सगळे बाबांचे होते. पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते, इलेक्ट्रिकलला. वर्गात आम्ही पाच मुली. त्यांतली एक हजेरीपटावर माझ्या शेजारची, म्हणून सगळ्या प्रॅक्टिकलला माझ्या गटात. ती गुढियारीची, स्टेशनापलीकडच्या वस्तीतली. वडील रेल्वेत फिटर, तेही विदर्भातले. दसऱ्याला त्यांचं सगळं घर नागपूरला जायचं आणि परतताना माझ्यासाठी संत्राबर्फी यायची. मी बोलायचे आणि ती करायची, अशी आमची जोडी. मला मोटरचं सूत्र पाठ असे. तिला मोटरच्या आवाजावरून कळे की तिचं काय दुखतंय. तिच्या गल्लीतले सगळे मिक्सर तीच दुरुस्त करायची. तरी "पोट्टीले एवढं शिकवून काय करतं" हा प्रश्न तिच्या वडिलांना रोज कोणी ना कोणी विचारायचंच. वडील तिच्या बाजूने होते, पण एका अटीवर. एक वर्ष जरी गेलं, तरी तिने घरी बसायचं. नागपूरच्या मामाने एक स्थळ तयारच ठेवलं होतं.

मशीन लॅबमध्ये एक प्रयोग असे. मोटर चालू करायची, मग वाकून तिच्या फिरत्या दांड्याच्या टोकावर टॅकोमीटर दाबून धरायचा आणि फेरे मोजायचे. मुलगी वाकली की मागे गर्दी जमायची. शिट्टी, खोकला, गाण्याची अर्धी ओळ. टॅकोमीटर मी धरला की हात थरथरायचा आणि आकडा नाचायचा. तिचा हात थरथरत नसे. दुपट्टा छातीवरून आडवा घेऊन कमरेला पिन लावायची आणि मागे कोणी नाहीच असं समजून वाकायची.

त्या दिवशीही ती वाकली होती. मी टेबलाच्या पलीकडे आकडे लिहायला बसले होते. मागून एका उंच मुलाने तिच्या दुपट्ट्याचं टोक ओढलं. पिन सुटली, दुपट्टा पुढे घसरला आणि त्याचं टोक मोटरच्या फिरत्या जोडात गेलं. तिने डाव्या हाताने लाल बटण दाबलं म्हणून वाचली. गळ्याभोवती भाजल्यासारखा लाल पट्टा उठला. पोरं हसली. लॅबचे सर आले, त्यांनी जोडात अडकलेला दुपट्टा पाहिला आणि तिलाच म्हणाले, "बेटा, दुपट्टा ठीक से बाँधा करो." कोणी ओढलं, असं तिने विचारलं तेव्हा वीस जणांतल्या एकानेही काही पाहिलेलं नव्हतं, आणि वहीत मान घातलेल्या मलाही ओढणारा हात दिसला नव्हता. "मज़ाक था यार," एवढंच कोणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवसापासून ती वर्गात यायची, पण मशीन लॅबच्या तासाला लायब्ररीत जाऊन बसायची. मी बोलवायला गेले की म्हणायची, "मले भीती नाही वाटून राहिली. मले राग येऊन राहिला. रागात मशीनजवळ जाऊ नये." तिचं म्हणणं बरोबर होतं. पण प्रॅक्टिकलची हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देत नसत. परीक्षा गेली की वर्ष जाणार आणि मग मामाचं स्थळ. एरवी मी तोंडाळ, पण त्या आठवड्यात मला काही सुचेना.

तेवढ्यात वरून आदेश आला की प्रत्येक कॉलेजात मुलींच्या तक्रारींसाठी समिती हवी आणि तिच्यात एक विद्यार्थिनी हवी. प्राचार्यांनी आमच्या वर्गात येऊन विचारलं, "कौन बनेगी?" डोक्यावरचा पंखा इतका हलत होता की आता पडतो की मग पडतो, म्हणून तो दाखवायला मी हात वर केला. प्राचार्य म्हणाले, "शाबाश." टाळ्या पडल्या. माझं नेतृत्व हे असं पंख्यामुळे सुरू झालं. तो पंखा पुढे दोन वर्षं तसाच हलत होता.

समितीच्या अध्यक्ष एक मॅडम होत्या, आमच्या विभागातल्या एकट्याच. आंध्राकडच्या. त्यांच्या हिंदीत टेबल कधी "ती" असायचं, तर कधी प्राचार्यही. पण मॅडम कामाला वाघ होत्या. पहिल्याच बैठकीत म्हणाल्या, "सबसे पहले बोर्ड लगेगी. मशीन लैब के बाहर. तुम लिखो, कड़क लिखो."

कडक लिहायचं म्हणजे बाबांकडे जायचं. आम्ही दोघांनी मिळून जेवणाच्या टेबलावर वाक्य तयार केलं. मला म्हणायचं होतं की मुलींची चेष्टा करणाऱ्यांना कठोर शिक्षा होईल. मी त्याचं हिंदी केलं:

लड़कियों की चेष्टा करने वालों को कठोर शिक्षा दी जाएगी।

बाबांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. "वा! एकही फारसी शब्द नाही. याले म्हणतात भाषा." दुसऱ्या दिवशी मॅडमनी वाचलं आणि त्याही खूश झाल्या. नंतर कळलं की तेलुगूतही शिक्षा म्हणजे शिक्षाच असते, आणि चेष्टेचाही अर्थ आपल्याजवळचाच. म्हणजे वाक्य तपासणारे दोघं होते आणि दोघंही हिंदीच्या बाहेरचे.

आता हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि शिक्षा म्हणजे शिक्षण. हे मला माहीत नव्हतं का? सुटं सुटं माहीत होतं. शाळेच्या पाटीवर "शिक्षा विभाग" रोज वाचत होते. पण माणूस चिडला की आईच्या भाषेत चिडतो आणि वरून दुसरीची टोपी घालतो. माझ्या वाक्याचा हिंदी अर्थ होता: मुलींसाठी प्रयत्न करणाऱ्यांना कसून शिकवलं जाईल.

रंगारी मिळवायला मला त्याच्या दारात तीनदा जावं लागलं. शेवटी संचालनालय आणि तहसील यांच्या मधल्या एका दुपारी तो आला. हिंदी त्याची घरची भाषा होती, त्यामुळे निदान त्याने तरी मला अडवायला हवं होतं. त्याने कागद वाचला, मान डोलावली आणि म्हणाला, "अच्छा है बहन. कॉलेज में शिक्षा तो देनी ही चाहिए." आणि रंगवायला बसला.

पाटी लागली त्या दिवशी मशीन लॅबसमोर एवढी गर्दी झाली की सरांना वाटलं शॉर्टसर्किट झालं. पोरं पोट धरून हसत होती. एकाने मोठ्याने वाचलं, दुसऱ्याने त्याला चाल लावली. मेकॅनिकलवाले खास बघायला आले. "हम तो पहले साल से चेष्टा कर रहे हैं, हमको आज तक किसी ने कुछ नहीं सिखाया!" मला दोन मिनिटं कळेचना. कळलं तेव्हा कानशिलं अशी तापली की त्यावर पापड भाजला गेला असता. मी धावत ब्राह्मणपाऱ्यात रंगाऱ्याकडे गेले. त्याची बायको दारात उभी होती. "सचिवालय गए हैं. महीना लगेगा."

घरी बाबांना सांगितलं. ते जराही खचले नाहीत. "शब्द आपलाच बरोबर आहे. त्याइनं वाट लावली." एका भाषेला एवढ्या सहज दोषी ठरवलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

पाटी उतरवू द्या, म्हणून मी मॅडमना विनवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आधी कपाळावर हात मारला आणि मग हसून हसून डोळे पुसले. "उतारेंगे तो ये लोग जीत जाएगी. रहने दो." मग पाटी राहिली आणि माझी वरात रोजची झाली. मधल्या सुट्टीत सात-आठ जण रांग लावून यायचे. "दीदी, चेष्टा की है, शिक्षा का फॉर्म मिलेगा?" चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी ऑफिसातून कोरं हजेरी रजिस्टर उचललं, पाटीखाली स्टुलावर आपटलं आणि ओरडले, "लो! नाम लिखो, रोल नंबर लिखो, तारीख लिखो, क्या चेष्टा की वो लिखो और साइन करो. सबको मिलेगी शिक्षा!"

आज मी ऐटीत सांगू शकते की ही माझी चाल होती. नव्हती. मी फक्त चिडले होते, आणि चिडल्यावर मला काहीतरी आपटावं लागतं. माझ्या आईला विचारा, आमच्या घरातल्या सगळ्या डब्यांना पोचे आहेत.

पण रजिस्टर भरू लागलं. पोरांना वाटलं, कॉलेजने करमणुकीची वही ठेवली आहे. प्रत्येकजण आधीच्यावर कडी करायचा. कोणी लिहिलं, "तीन साल से लाइब्रेरी में सामने बैठने की चेष्टा." एकाने लिहिलं, "चेष्टा की, सैंडिल मिली." हे वाचून मलाही हसू आलं. मग हळूहळू दुसऱ्याही ओळी दिसू लागल्या. "लैब में सीटी बजाई." "साइकिल की हवा निकाली, तीन बार." "गलती से हाथ लगाया, गलती नहीं थी." खाली नाव, रोल नंबर, वळणदार सही. आणि सहाव्या दिवशी सगळ्यांत मोठ्या अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: "मशीन लैब, दुपट्टा खींचा. कठोर शिक्षा चाहिए." सही उंच मुलाची.

ते वाचलं आणि मी रजिस्टर खाडकन मिटलं. मी रजिस्टर घेऊन लायब्ररीत गेले, तिच्यासमोर टाकलं आणि म्हणाले, "पाहा, आता त्याची हिंमत पाहा. मी हे फाडून टाकते."

तिने शांतपणे पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. मीटरचा आकडा वाचावा तसं, ओळीवर बोट ठेवून. एका ओळीवर तर हसलीसुद्धा, सँडलच्या. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"फाडू नको, येडी," ती म्हणाली. "याच्यावर सह्या आहेत."

वीस जणांनी काही पाहिलं नव्हतं, आणि इथे सगळं शाईत उतरलं होतं, तारखेसकट. तिने मला कामाला लावलं. बाकीच्या तिघी मुलींना बोलावलं. कुठली ओळ नुसती फाजील आणि कुठली खरी, यावर आम्ही पाचजणी पेन्सिलने खुणा करत बसलो. समितीची सभासद मी, पण ती बोलायची आणि मी लिहायचे. आमची जोडी पहिल्यांदाच उलटी झाली होती.

मॅडमकडे रजिस्टर नेऊन द्यायचं काम माझ्याकडे होतं. जिन्यात मी थांबले. मॅडमच्या खोलीच्या दोन पायऱ्या अलीकडे बसले, पेन काढलं आणि शेवटच्या पानावर एक ओळ लिहिली. नाव, रोल नंबर, सही. मग आत जाऊन रजिस्टर टेबलावर ठेवलं.

समितीसमोर उंच मुलगा आला तो हसतच. "सर, वो तो मज़ाक में लिखा. बोर्ड ही ऐसा था."

प्राचार्यांनी विचारलं, "दुपट्टा खींचा कि नहीं?"

"सर, चेष्टा का मतलब तो प्रयास होता है. मतलब, प्रयास किया."

मॅडम पुढे वाकल्या. "प्रयास किया? चलती मोटर के पास लड़की की गर्दन में दुपट्टा. किस चीज़ की प्रयास किया?"

त्याचं हसू उतरलं. "नहीं मैडम, प्रयास नहीं. मज़ाक किया."

"मतलब खींचा," प्राचार्य म्हणाले.

तो कधी माझ्याकडे पाहत होता, कधी खिडकीतून दिसणाऱ्या पाटीकडे. मराठी अर्थ घेतला तर कबुली होत होती आणि हिंदी घेतला तर गुन्हा वाढत होता. शेवटी म्हणाला, "सर, मज़ाक का प्रयास." प्राचार्यांनी पेन खाली ठेवलं. त्याला त्या सत्रापुरतं कॉलेजातून काढलं आणि वडिलांना बोलावून रजिस्टरची ओळ वाचायला दिली. वडिलांनी ती दोनदा वाचली आणि मुलाकडे न पाहता बाहेर गेले.

उरलेल्या खुणांच्या ओळींचं काय करायचं, असं मॅडमनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "बोर्ड पर लिखा है ना. शिक्षा दे देते हैं."

म्हणून एका शनिवारी मशीन लॅबमध्ये कठोर शिक्षेचा तास भरला. पोरं ओळीत उभी. तिने रजिस्टर उघडून हजेरी घेतली, नाव आणि पुढे चेष्टा. "सीटी बजाई." "हाजिर." "हवा निकाली." "हाजिर." सुरुवातीला सगळे फिदीफिदी हसत होते, पण स्वतःचं लिहिलेलं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना एकेक जण गप्प होत गेला. ती शेवटच्या पानावर आली. माझं नाव वाचलं. मग पुढची ओळ, त्याच आवाजात.

"दुपट्टा खिंचा तब हँसी."

सगळ्यांनी वळून पाहिलं. मी म्हणाले, "हाजिर."

खरं तेच होतं. त्या दिवशी टेबलापलीकडे बसून मी नेमकं काय झालं ते कळायच्या आत पोरांबरोबर हसले होते. छोटंसं हसू, तोंड मिटूनच. लगेच थांबलेही. पण हसले होते, आणि नंतर महिनाभर मी सगळ्यांवर ओरडत फिरत होते.

पिशवीतून तिने तोच दुपट्टा काढला, टोकाला काळ्या तेलाचे डाग असलेला. तो लाकडी पट्टीला बांधला, मोटर चालू केली आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगून टोक फिरत्या जोडाजवळ नेलं. फट् असा आवाज झाला आणि पट्टी तिच्या हातातून गेली. दुपट्टा दोरासारखा पिळला गेला, पट्टीचे दोन तुकडे झाले. तिने लाल बटण दाबलं.

"आता टॅकोमीटर कसा धरायचा ते शिकवते," ती हिंदीत म्हणाली आणि पुढचा पाऊण तास खरंच शिकवत बसली. त्या पोरांतल्या निम्म्यांना तोवर तो धरता येत नव्हता, हे त्या दिवशी उघडकीला आलं.

तो तास मॅडमनी तिच्या हजेरीत धरला. नंतरचे सगळे तास तिने केले आणि हजेरी जेमतेम भरली. प्रॅक्टिकलच्या परीक्षेच्या दिवशी ती आत होती आणि मी बाहेर पाटीखाली नखं खात बसले होते. तेवढ्यात, इतक्या महिन्यांनी, रंगारी डबे घेऊन उगवला. "बोलो बहन, क्या सुधारना है?"

दार उघडून ती बाहेर आली. बाहेरच्या परीक्षकाने एकदाच आकडा घ्यायला लावला होता आणि तो बरोबर आला होता. चेहऱ्यावरूनच मला कळलं आणि मी तिथेच रडायला लागले. ती माझ्याकडे दुर्लक्ष करून पाटीकडे पाहत होती. रंगाऱ्याला म्हणाली, "चेष्टा के आगे 'कु' लगा दो, भैया. बस."

"और शिक्षा?"

"वो रहने दो. वो बराबर है."

त्याने 'चेष्टा'च्या अलीकडे एक किरकोळ 'कु' कोंबला, आणि हिंदीतही तो प्रयत्न वाईट झाला. आम्ही रंग वाळेपर्यंत खाली पायऱ्यांवर बसलो. मला राहवलं नाही. शनिवारच्या तासापासून मनात अडकलेलं मी शेवटी विचारलं.

"मी हसले होते, ते तुले हजेरी घेतानाच कळलं ना?"

"नाही," ती म्हणाली. "तू हासली तवाच दिसलं होतं."

"मग इतके दिवस बोलली काहून नाही?"

तिने पायाजवळचा सांडलेला काळा रंग चपलेने पुसला.

"तू कधी लिहितं, तेच पाहून राहिली होती."